दोन क्रोनो, दोन आकडे : पेंटबॉलचा खरा वेग कुठला धरायचा?

पौडफाट्यापुढे

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे इलेक्ट्रॉनिक्सवाले, मशीनशॉपवाले आणि रविवारी घरात स्वस्थ न बसणारे बरेच आहेत, म्हणून धागा काढतोय.

आम्ही आठ जण. चार हिंजवडीतले, तीन त्यांचे मित्र आणि एक माझा मेहुणा. ऑफिसच्या पिकनिकला पेंटबॉल, म्हणजे गॅसच्या गनने एकमेकांवर रंग भरलेले बॉल मारायचा खेळ, खेळलो आणि किडा चावला. भाड्याच्या मैदानावर वेग मोजायचं यंत्रच नव्हतं. विचारलं तर "सगळ्या गन सेट आहेत साहेब" एवढंच उत्तर. त्या दिवशी एकाच्या दंडावर लिंबाएवढं काळंनिळं उठलं, ते पंधरा दिवस तसंच होतं. मग हळूहळू स्वतःचे मार्कर (म्हणजे या गन) घेतले, मुळशीकडे मित्राच्या शेतावर जाळी बांधली आणि नियम केला की २८० एफपीएसच्या वर कोणाची गन नको. एफपीएस म्हणजे फूट प्रति सेकंद. २८० म्हणजे सेकंदाला ८५ मीटर, ताशी ३०० किलोमीटरच्याही वर.

आता गोची अशी की आमच्याकडे क्रोनो, म्हणजे वेग मोजायची यंत्रं, दोन आहेत. एक नळीवाला, बॅरलच्या तोंडाशी धरायचा, आत दोन सेन्सर. दुसरा हातात धरायचा छोटा रडार. परवा मेहुण्याची गन नळीवर लावली : २८३, २८५, २७९, २८८, २८०. सरासरी २८३. लगेच रडारवर पाच बॉल मारले तर सरासरी २६४! मेहुणा म्हणतो रडारच बरोबर. का, तर त्यात त्याची गन नियमात बसते. बाकीचे म्हणतात नळी बरोबर. का, तर मेहुणा चांगला नेमबाज आहे.

प्रश्न दोन. कुठला आकडा धरायचा? आणि एकच गन, एकच बॉलचा डबा, तरी एक बॉल २७९ आणि पुढचा २८८ असं का?

शनिवारपेठी

स्वारगेट ते कोथरूड दोन रिक्षा करून बघा, मीटर दोन आकडे दाखवतील. आपण जास्त असलेला भरतो. इथेही तेच करा, जास्त आकडा धरा. विषय संपला.

तापकीरगल्ली

वरचा सल्ला सुरक्षित आहे, पण विषय संपत नाही :)

आधी नळीचं बघू. आत एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर सेन्सर, अशा दोन जोड्या ठरावीक अंतरावर. बॉल पहिल्या जोडीतून गेला की उजेड अडतो आणि घड्याळ सुरू. दुसऱ्या जोडीत अडला की बंद. अंतर भागिले वेळ. यात वेग कोणी 'मोजत' नाही, फक्त वेळ मोजली जाते. अंतर कारखान्यात गृहीत धरलेलं असतं. ते अंतर चुकलं की सगळंच चुकलं.

मी असा एक घरी बनवलाय. तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एलईडी आणि फोटोडायोड (उजेड ओळखणारा सेन्सर), पीव्हीसीचा पाइप नळवाल्याकडून, मेंदू म्हणून अर्डुइनो हा छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड. दोन जोड्यांत १५ सेंमी ठेवलं. २८० एफपीएसच्या बॉलला ते अंतर कापायला १.७६ मिलिसेकंद लागतात. अर्डुइनोचं साधं घड्याळ ४ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी चालतं, म्हणजे त्यातून येणारी चूक एक एफपीएससुद्धा नाही. मी खूश. पण भोकं मी हातड्रिलने पाडली होती आणि एक भोक मिलिमीटरभर सरकलं होतं. १५० मिलिमीटरमध्ये १ मिलिमीटर, म्हणजे सरळ २ एफपीएसचा फरक. घड्याळाची चिंता करत बसलो आणि घात केला ड्रिलने. त्याआधी हाच उद्योग ५ सेंमी अंतरावर केला होता, तिथे त्याच एका मिलिमीटरला साडेपाच एफपीएस लागले असते. आखूड नळीचे क्रोनो दिसायला सुटसुटीत, पण त्यांना घडणीतली कुचराई चालत नाही.

दुसरं म्हणजे उजेड. माझ्या पहिल्या प्रयोगात पाइप वरून उघडा होता आणि सेन्सर नुसत्या वरच्या उजेडावर चालत होते. वडिलांच्या शेडमध्ये जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली ठेवला तर गोळी न मारताच आकडा : ४,१०० एफपीएस. वडील म्हणाले, आता पाषाणला एआरडीईत, म्हणजे शस्त्रसंशोधन संस्थेत, अर्ज टाक. आपली वीज ५० हर्ट्झची, अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळतं. दोन्ही सेन्सर जवळजवळ एकदम चाळवले की वेळ शून्याजवळ आणि वेग आकाशाला. उन्हात उलटा त्रास. थेट ऊन सेन्सरवर पडलं की तो आंधळा होतो, बॉलची सावली त्याला दिसतच नाही. तुमची नळी बंद आहे, त्यामुळे हे कमी होईल, पण तोंड सूर्याकडे करून मोजत असाल तर करू नका.

एक विचारतो. नळी शेवटची आतून कधी पुसली होती?

पौडफाट्यापुढे

आतून पुसायची असते?

तापकीरगल्ली

दंडवत.

दोन्ही सेन्सर सारख्याच वेळी 'जागे' व्हायला हवेत. म्हणजे बॉलची पुढची कड जिथे आली की पहिला सुटतो, तिथेच आली की दुसराही सुटला पाहिजे. एकाच्या काचेवर रंग बसला तर तो बॉल दोन मिलिमीटर पुढे गेल्यावर सुटेल. पहिला उशिरा सुटला की मधलं अंतर तेवढं कमी झालं, वेळ कमी, आकडा फुगला. दुसरा उशिरा सुटला तर उलट. बॅरलमध्ये बॉल फुटला की टरफलाचे तुकडे आणि रंगाचे शिंतोडे नळीतून जातात. ते सेन्सरला बॉलच वाटतात आणि काहीही आकडा येतो. तो आकडा सोडून द्यायचा आणि नळी पुसायची. सीओटूवाली (कार्बन डायऑक्साइडच्या टाकीवर चालणारी) गन असेल तर तोंडातून पांढरं धुकं येतं, तेही कधीकधी पहिला सेन्सर उडवतं.

जुना मापारी

भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं गेज रूम, म्हणजे मोजमापाचा विभाग, सांभाळली, आता निवृत्त. पेंटबॉल आयुष्यात खेळलो नाही. पण माप चुकतंय म्हटल्यावर राहवेना.

अहो, आधी एक गोष्ट मनात सुटी करून घ्या. दरवेळी तोच आकडा येणं वेगळं आणि खरा आकडा येणं वेगळं. शून्याला चुकलेला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचा कॅलिपर) दिवसभर तेच चूक माप इमानदारीने दाखवतो. आमच्याकडे एका नव्या मुलाने अशा व्हर्नियरवर चारशे बुशिंग पास केली होती. सगळी एकसारखी, सगळी बाद. तुमचे दोन्ही क्रोनो आपापल्या जागी इमानदार असतील. पण ते एकच गोष्ट मोजतायत का, हे कोणी पाहिलंच नाही.

रडार अंतर मोजत नाही, वेळही मोजत नाही. तो ठरावीक कंपनसंख्येची लहर सोडतो. ती लांब जाणाऱ्या बॉलवर आपटून परत येते तेव्हा तिची कंपनसंख्या जराशी घटलेली असते. ख्रिश्चन डॉपलरने १८४२ मध्ये मांडलं ते हेच. रडार २४ गिगाहर्ट्झचा धरला तर २८० एफपीएसला हा फरक साडेतेरा हजार हर्ट्झच्या थोडा वर येतो. शिट्टीत रूपांतर केलं तर तरुण कानांना ऐकू जाईल, माझ्या कानांना नाही.

यात सेन्सरमधलं अंतर, ड्रिलची भोकं, रंगाळलेली काच काही नाही. पण रडार फक्त आपल्या नजरेच्या रेषेतला वेग पाहतो. बॉल त्या रेषेला तिरका गेला की आकडा कमीच येतो, कधीही जास्त नाही. आपण शाळेत घोकलेला कोसाइन इथे कामाला येतो. २८० चा बॉल ५ अंश तिरका असेल तर रडार २७९ दाखवेल, कोणाच्या लक्षातही येणार नाही. १० अंशांना २७६. १५ अंशांना २७०. २० अंशांना २६३.

तुमचा रडार कोणी, कुठे उभं राहून धरला होता?

पौडफाट्यापुढे

काका, मीच धरला होता. मेहुण्याच्या उजवीकडे दोन पावलं. मागच्या वेळी बॅरलमध्ये बॉल फुटून शर्टवर रंग उडाला होता, म्हणून.

जुना मापारी

म्हणजे शर्ट वाचला आणि आकडा गेला.

आता दुसरी बाजू. बॉल बॅरलबाहेर पडल्यापासून हवा त्याला मागे खेचते. ३ ग्रॅमचा, १७ मिलिमीटरचा गोल गोळा म्हणजे वजनाच्या मानाने फारच मोठं तोंड. पुण्याची ५६० मीटरची उंची आणि आपल्याकडची उबदार, विरळ हवा धरून मी हिशोब केला. सुरुवातीला दर मीटरला साधारण ६ एफपीएस गळतात. नळी तोंडाशीच मोजते. बाजूला उभ्या असलेल्या रडारला बॉल नीट दिसतो तो मीटर-दीड मीटर पुढे गेल्यावर.

२८३ खरा धरा. १५ अंशांचा तिरकेपणा लावला की २७३. त्यातून दीड मीटरची हवा, ९ वजा. उरले २६४. तुमचा आकडा.

हिशोब इतका बेतशीर जुळला की मलाच संशय येतोय. १५ अंश हा माझा अंदाज आहे, मी तिथे कोनमापक घेऊन उभा नव्हतो. पण दिशा हीच.

मधली सुट्टी

एवढं डोकं लावून खेळणार काय? १५-२० ने काय बिघडतं?

बालेवाडी दहा मीटर

बिघडतं. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. २६४ आणि २८३ मध्ये वेगाचा फरक ७ टक्के, पण ऊर्जेचा १५ टक्के. ३ ग्रॅमच्या बॉलला ३०० एफपीएसला साडेबारा ज्यूल. मी बालेवाडीला एअर रायफल मारतो, तिचा छर्रा ७-८ ज्यूलचा. छर्रा टोचतो, बॉल फुटतो, त्यामुळे दुखापत वेगळी, पण उघड्या डोळ्याला दोन्ही सारखेच वाईट. बहुतेक मैदानांवर ३०० ही कमाल मर्यादा असते, बंदिस्त जागेत त्याहून बरीच कमी. मास्क क्रोनोच्या जागेवरही काढायचा नाही. वेग मोजताना "आता खेळ नाहीये" म्हणून मास्क वर करून उभे राहणारे मी पाहिलेत.

अवांतर : याला गन न म्हणता मार्कर म्हणतात, कारण हे यंत्र मुळात झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करायला निघालं होतं. १९८१ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये बारा जणांनी ते एकमेकांवर चालवलं आणि खेळ सुरू झाला.

ओ-रिंग

धागा उशिरा दिसला. दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो. २७९ आणि २८८ हा फरक क्रोनोचा नाही, गनचा आणि बॉलचा आहे. मेहुण्याची गन सीओटूवर आहे ना? बोलण्यावरून वाटलंच.

सीओटू टाकीत द्रवरूपात असतो आणि त्याच्या वाफेचा दाब पूर्णपणे तापमानावर. १० अंशांना ४५ बार, २० ला ५७, ३० ला ७२. पुण्यात फेब्रुवारीच्या शेवटी सकाळी १४ आणि दुपारी ३४ ही नेहमीचीच गोष्ट. म्हणजे सकाळी सेट केलेली गन दुपारी वेगळीच गन असते. ३१ अंशांच्या वर तर सीओटूचं द्रव-वायू असं वेगळेपणच संपतं आणि मग दाब टाकी किती भरलीय त्यावर. टाकी बंद गाडीत ठेवू नका, हे ओरडून सांगतो. उलट, धडाधड दहा बॉल मारले की वायू होताना द्रव उष्णता खातो, टाकी गार पडते, दाब उतरतो, शेवटचे बॉल पाय ओढत जातात. म्हणून क्रोनोवर दोन बॉलमध्ये दहा-पंधरा सेकंद थांबा. दाबलेल्या हवेचा टँक आणि चांगला रेग्युलेटर (दाब एकसारखा ठेवणारा भाग) असेल तर हा त्रास जवळपास नाही.

पहिला बॉल कायम संशयास्पद. गन बराच वेळ पडून असेल तर बोल्टची (बॉल पुढे ढकलणाऱ्या दांड्याची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, जागेवर चिकटते आणि पहिला बॉल हळू जातो. रेग्युलेटरची सीट (हवा बंद करणारी बैठक) झिजली असेल तर उलट, थांबलेल्या वेळात दाब हळूहळू चढतो आणि पहिलाच बॉल सगळ्यात जोरात. ज्याचा पहिला बॉल दरवेळी वर जातो त्याने सीट बदलावी. ती गन धोक्याची, सरासरी कितीही साजूक असली तरी.

आणि बॉल. टरफल जिलेटिनचं. पावसाळ्यात पुण्याची हवा शोषून ते फुगतं, मऊ पडतं. मी एकदा जुलैत उघड्या राहिलेल्या पिशवीतले बॉल व्हर्नियरने मोजले. एकच बॉल एका बाजूने १७.२, फिरवला की १७.५. असा बॉल बॅरलमध्ये कधी घट्ट, कधी सैल. सैल बसला की हवा बाजूने निसटते आणि वेग पडतो. बॅरलमध्ये बॉल टाकून फुंकून बघा. आपोआप घरंगळला तर बॅरल मोठं, फुंकरीने जेमतेम सुटला तर बरोबर.

तेव्हा पाच बॉलची सरासरी काढू नका. दहा मारा आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा २८० च्या आत आणा. अंगावर सरासरी बसत नाही, बॉल बसतो.

शनिवारपेठी

म्हणजे मी पहिल्याच प्रतिसादात जे म्हणालो तेच. जास्त असलेला धरा. माझं श्रेय मला मिळावं.

तापकीरगल्ली

मिळालं. पावती दुपारी १ ते ४ सोडून न्यावी.

काका, दोन क्रोनो भांडतायत तर तिसरा साक्षीदार हवा. माझा पाइप मी देईन, पण तोही नळीचाच भाऊ.

जुना मापारी

तिसरा साक्षीदार इलेक्ट्रॉनिक्सच्या आधीपासून आहे. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये बंदुकीच्या गोळीचा वेग टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर मोजला. गोळी ठोकळ्यात रुतते, ठोकळा झुलतो, झुल्यावरून वेग. ना सेन्सर, ना बॅटरी.

पेंटबॉल फुटतो आणि रंग मागे उडतो, तिथे हिशोब बिघडतो. म्हणून ठोकळ्याऐवजी डबा घ्या. एक किलोचा श्रीखंडाचा रिकामा डबा, तोंड बंदुकीकडे, आत तळाशी जुना स्वेटर. फुटलेला सगळा रंग आतच राहायला हवा. खाली वाळूची पिशवी चिकटवून एकूण वजन बरोबर १ किलो करा आणि चार दोऱ्यांनी टांगा, म्हणजे डबा फिरणार नाही, फक्त झुलेल. दोऱ्या १ मीटरच्या. ३०० एफपीएसचा ३ ग्रॅमचा बॉल त्याला ८.७ सेंमी मागे ढकलेल, २८० चा ८.१ सेंमी. डब्यामागे कागदाची सैल पट्टी ठेवा, डबा तिला जिथवर सरकवेल तिथे वाचन. पट्टीवरचा एक मिलिमीटर म्हणजे साडेतीन एफपीएस, तेव्हा फार बारीक अपेक्षा ठेवू नका. बॉल सोनाराच्या काट्यावर तोला. वजनात एक टक्का चूक म्हणजे वेगातही एक टक्का. आणि डब्यापुढे भोक पाडलेला पुठ्ठा उभा करा, नाहीतर बॅरलमधली हवाच डब्याला ढकलेल.

पौडफाट्यापुढे

काका, श्रीखंडाचा डबा संपवायला आम्हाला चार दिवस द्या.

पौडफाट्यापुढे

कालचा रविवार सत्कारणी लागला. वृत्तांत.

आधी नळी पुसली. पहिल्या सेन्सरच्या काचेवर नखाएवढा वाळलेला निळा डाग होता. आमच्याकडे निळे बॉल गेल्या दिवाळीत होते. ओल्या कपड्याने निघाला, कारण रंग पाण्यात विरघळणारा. तीच गन, तेच बॉल, दहा बॉलची सरासरी २८३ वरून २७९. तापकीरगल्लीने सांगितलेल्या दोन मिलिमीटरच्या हिशोबाला अगदी धरून.

मग रडार. या वेळी बाजूला न राहता तो बॅरलच्या खालीच रबर बँडने बांधला, तोंड बॅरलच्या रेषेत. २७२, २७४, २७०, २७३. सरासरी २७२. शर्टावर रंग उडाला, बायकोला अजून सांगितलं नाही.

डबा आंब्याच्या फांदीला टांगला. वाऱ्याने तो स्वतःच अर्धा सेंमी डोलत होता, म्हणून दोन मोटारसायकली आणि एक ताडपत्री आडोशाला. बॅरलच्या तोंडापासून एक मीटर. बॉल तोलले तर ३ ग्रॅमच्या अगदी जवळ. सहापैकी एक बॉल न फुटताच उडी मारून बाहेर आला आणि पट्टी भलतीच पुढे गेली, ते वाचन टाकलं. उरलेली पाच ७.८ ते ८.१ च्या दरम्यान. आठच्या जरासं आत धरलं की २७३-२७४.

म्हणजे तोंडाशी २७९, मीटरभर पुढे डबा २७३ आणि रडार २७२. काकांची मीटरला ६ एफपीएसची हवा बरोबर मध्ये बसली. आम्ही आठ जण त्या डब्याभोवती वाकून उभे होतो आणि मेहुणा "म्हटलं नव्हतं, २८० च्या आत आहे!" म्हणत नाचत होता.

मग पिठलं-भाकरी झाली. ओ-रिंग यांनी ओरडून सांगितलं होतं, तरी मेहुण्याची टाकी गाडीच्या मागच्या काचेखाली दोन तास उन्हात. अडीच वाजता पुन्हा नळीवर लावली : २९१, २९४, २९०, २९६. अॅलन की घेऊन गनचा वेगाचा स्क्रू मागे घेताना त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

ओ-रिंग

टाकी आधी सावलीत, मग अॅलन की. गरम टाकीवर स्क्रू सेट केला तर पुढच्या सकाळी थंडीत २४० मारेल आणि तोच परत वर चढवेल.

पौडफाट्यापुढे

तेच झालं. आज सकाळी साडेसातला त्याने एकट्याने येऊन चढवलाय म्हणे.

जुना मापारी

वृत्तांत वाचून आनंद वाटला. न फुटलेल्या बॉलचं वाचन टाकलंत, पण का टाकलंत तेही वहीत लिहून ठेवा. बॉल उलटा उसळला की तो डब्याला जास्त ढकलतो, म्हणून. पुढच्या रविवारी मला यायला आवडेल. मास्क कोणाकडे जादा आहे का? चष्म्यावरून बसणारा हवा.

पौडफाट्यापुढे

मेहुण्याचा देतो काका. तो यापुढे फक्त डबा धरणार आहे.